उजव्या हाताला बाळकुम

फुटबॉलचा पहिला सामना चार-शून्यने हरलेल्या पोरांना घेऊन टेम्पो डोंबिवलीहून परत निघाला, आणि कल्याण यायच्या आतच ती मागे भांडायला लागली. पुढे टेम्पो चालवणाऱ्या दामाजीच्या शेजारी बसलेल्या प्रशिक्षक उत्तमला त्यांना गप्प करायचाही कंटाळा आला होता.

"मी दिलेला बरोबर. तू तिथे नव्हतासच," नाथा म्हणत होता.

"मी तिथेच होतो. बॉल तिथे नव्हता," चंदू म्हणाला.

"अरे, मग पाय हलवायचे ना जरा! देवळातला नंदी आहेस काय?"

"तू बॉल लायनीबाहेर घालवणार. मी काय लायनीबाहेर घर बांधू?"

दामाजीने गाडी न थांबवता मागच्या जाळीवर हात आपटला. चंदू त्याचाच मुलगा. "गप बसा रे! मासली तरी गप बसते या टेम्पोत."

टेम्पो मासळीचाच होता. पहाटे तो बाळकुमहून ठाण्याच्या बाजारात जायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीतले तीन रविवार धुऊन पुसून पोरांना घेऊन भिवंडीच्या वळशाने डोंबिवलीला यायचा. कितीही धुतला तरी वास जात नसे. मैदानावर उतरताना तिथली पोरं नाकं दाबायची आणि एखादा तरी "सुकट आली रे!" असं ओरडायचा. आपल्या पोरांना त्याचं काही वाटत नसे. उत्तमला वाटत असे. पण गेली तीन वर्षं त्यालाही त्याचं उत्तर सापडलं नव्हतं, कारण उत्तर मैदानात द्यायचं असतं आणि मैदानात ही पोरं एकदाही जिंकली नव्हती.

उत्तम काटकर एकतीस वर्षांचा होता. कोलशेतला एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होता. बी.एस्सी. करताना कल्याणला कॉलेजच्या संघातून खेळलेला. अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात तो पहिली पाळी संपवून सायकलवरून घरी चालला होता, तेव्हा बाळकुमच्या खाडीकाठी भरावाच्या जागेवर पंधरा-वीस पोरं एका बॉलमागे धावताना दिसली. सगळी एकाच जागी. बॉल डावीकडे गेला की सगळा घोळका डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. तो मजा म्हणून थांबला, आणि पाच मिनिटांनी त्याने सायकल स्टँडवर लावली. त्याला त्या वेळी कुणी सांगितलं असतं की ही सायकल इथे चार वर्षं लागणार आहे, तर तो पायडल मारून निघून गेला असता.

चार वर्षांत त्याने पोरांना पुष्कळ शिकवलं होतं. पास देताना टेकलेला पाय बॉलच्या शेजारी ठेवायचा, त्याचा अंगठा जिथे पास द्यायचा तिकडे. घोटा घट्ट. बॉल येण्याआधी एकदा मान वर करून बघून घ्यायचं, आल्यावर बघायला वेळ नसतो. तीन विटा तीन कोपऱ्यांवर ठेवून त्याने त्रिकोण शिकवला होता, कारण ज्याच्याकडे बॉल आहे त्याला नेहमी दोघेजण दिसले पाहिजेत. आता पोरं घोळका करत नव्हती. बाळकुमच्या मैदानावर नाथा बारा मीटरवरून चंदूच्या पायात असा पास टाकायचा की बघत राहावं. आणि डोंबिवलीला गेलं की तेच पास चंदूच्या शेजारून जायचे, जणू कुणी चंदूला उचलून बाजूला ठेवलंय.

त्या दिवशी सामन्याआधी स्पर्धेचे चिटणीस महिपतराव यांनी त्याला झाडाखाली बोलावलं होतं. मोठा सज्जन माणूस, वाईट बोलायचं असलं की आधी चष्मा पुसायचा.

"काटकर, तुमची धडपड मी बघतो," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण तीन वर्षांत नऊ सामने झाले, तुमचा एकही गुण नाही. कमिटीत मला विचारतात. टिटवाळ्याचा एक संघ दोन वर्षं वाट बघतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे या वर्षी एक गुण तरी घ्या हो. जिंकू नका, निदान एक बरोबरी. नाहीतर पुढच्या वर्षी तुमची जागा त्यांना द्यावी लागेल."

बारा वर्षांखालच्या पोरांची, सात-सात जणांची, ही एवढी एकच स्पर्धा जिल्ह्यात होती. ती गेली की पोरं कशासाठी येणार? तीन रविवार, तीन सामने. त्यातला एक आता गेला होता.

घरी गेल्यावर कलावतीने विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळत असे. तिने ताट वाढलं, दोन वर्षांची पिंकी त्याच्या मांडीवर आणून ठेवली, आणि मग म्हणाली, "किती?"

"चार. महिपतराव म्हणाले, या वर्षी एक गुण नाही मिळाला तर नाव काढणार."

"मग?"

"मग बंद करीन. खरंच. थकलो मी आता. पाळी करायची, तिथून मैदानावर, रविवारी डोंबिवली. पिंकी मला पाहुणा समजते."

"मी नाही म्हटलं हं बंद करा," कलावती म्हणाली. "तुम्ही म्हणालात. मी फक्त ऐकलं."

हे बोलून टाकल्यावर उत्तमला खांद्यावरचं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

जेवण झाल्यावर त्याने सवयीने वही काढली. आलेखाच्या कागदाची वही होती. सामना चालू असताना तो प्रत्येक चुकलेल्या पासासाठी एक टिंब काढायचा. मधली रेघ म्हणजे ज्याला पास द्यायचा होता तो मुलगा. पास देणाऱ्याकडून बघता बॉल त्या रेघेच्या किती उजवीकडून किंवा डावीकडून गेला, तिथे टिंब. टिंब काढताना तो नेहमी इतका चिडलेला असे की नंतर ती पानं त्याने कधी नीट बघितली नव्हती. फक्त मोजायचा आणि वही मिटायचा. आज पिंकी मांडीवर झोपली होती, उठता येत नव्हतं, म्हणून तो बघत बसला.

त्रेपन्न टिंबं. त्यातली त्रेचाळीस उजवीकडे.

त्याने गेल्या वर्षीचं पान उलटलं. तिथेही तेच. त्याच्या आधीच्या वर्षीही.

प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात त्याला एका म्हाताऱ्या साहेबाने शिकवलं होतं. आकडे इकडेतिकडे सांडले तर तुझा हात वाईट. आकडे सगळे एकाच बाजूला गेले तर हाताला दोष देऊ नकोस, तराजू तपास. म्हणजे पोरं घाबरली, गांगरली, लक्ष नव्हतं, असं तो तीन वर्षं समजत होता ते खोटं होतं. घाबरलेल्या माणसाचा पास कुठेही जातो. या सातजणांचे एकाच बाजूला जात होते. पायाचा दोष म्हणावा तर चंदू डावखुरा, आणि त्याची टिंबंही उजवीकडेच. सातजणांत सारखं असं काय होतं? एक मैदान. आणि एक उत्तम.

सोमवारी तो काळुराम गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून घेऊन आला. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला येतं. एक टोक त्याने नाथाच्या हातात दिलं आणि खाडीच्या बाजूला पाठवलं. नळी अपुरी होती, म्हणून तीन टप्प्यांत मोजावं लागलं.

मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात, सुंभाच्या दोरीमागे, नाथाची आजी आवडाबाई वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, हाताने पसरत होती. तिने मान वर केली.

"काय रं मास्तर, जागा मोजून इकाला काढलीस काय?"

"नाही हो आजी. उतार बघतोय."

"उतार? त्याला नली कनाला? मना इचारायचं."

तीस मीटर रुंदीत जमीन खाडीकडे अडीच फूट उतरत होती. तो उतार डोळ्याला दिसत नव्हता, कारण काठावर तिवरं वाढलेली, आणि मागे सपाट पाणी. उत्तम आकडा लिहून घेत असताना पोरं आपसात हसत होती.

"काय झालं?"

"सर, हे तर आम्हाला माहितीये," भिवा म्हणाला. भिवा गोलकीपर, सगळ्यांत जाडा. "उधाणाला पाणी पहिलं त्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशीच येतं."

"मग मला सांगितलं का नाही चार वर्षं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी नाथा म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं सगळी ग्राउंडं अशीच असतात. एका बाजूला खाडी."

"डोंबिवलीला कुठे आहे खाडी?"

"तिथे मागे असेल ना कुठेतरी," नाथा म्हणाला.

उत्तम तिथेच खाली बसला. हिशेब सरळ होता. पोरं नेहमी एकाच दिशेने खेळत होती, कारण अर्धं मैदान जाळी आणि जवळा वाळवण्याचं होतं. चार वर्षांपूर्वी त्यानेच आवडाबाईशी ठरवलं होतं की दोरीपलीकडे यायचं नाही, आणि बांबूचा एकच गोल दोरीअलीकडच्या टोकाला रोवला होता. म्हणजे गोलकडे तोंड केलं की खाडी कायम डाव्या हाताला. बारा मीटरचा पास पोहोचायला तीन सेकंद धरले, तर तेवढ्यात हा उतार बॉलला दोन-सव्वादोन फूट डावीकडे ओढतो. पोरं तेवढीच उजवीकडे मारायला शिकली होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पास बरोबर गेला की "शाब्बास" म्हणणारा तो स्वतः होता. त्याने चार वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, सात पोरांना अतिशय चांगल्या रीतीने चूक शिकवली होती.

त्याने आवडाबाईकडे जाऊन अर्धं मैदान मागितलं.

"आनि माझा जवला कुठं घालू? तुझ्या डोक्यावर?"

"दोनच आठवडे आजी. पोरांना उलटीकडे तोंड करून खेळवायचंय."

"उलटं तोंड केलं की जिंकतील?"

"बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली आणि थुंकली. पण साडेचारला जवळा गोळा करून झाला की जागा घे, असं म्हणाली. पोरांनी शिंपले वेचून टाकले, तेवढ्यापुरत्या दोन काठ्या त्या टोकाला रोवल्या, आणि आता खाडी उजव्या हाताला घेऊन खेळ सुरू झाला.

पहिलाच पास चंदूच्या तीन पावलं उजवीकडून थेट चिखलात गेला. पायाची सवय उजवीकडे आणि उतारही उजवीकडे. एका क्षणापुरता उत्तमला विलक्षण आनंद झाला. त्याचा तर्क सिद्ध झाला होता. मग चिखलात उतरून बॉल आणणाऱ्या भिवाकडे बघताना त्याला जाणवलं की ही सवय मोडून काढायला त्याच्याकडे सहा दिवस आहेत.

ते सहा दिवस त्याने पोरांना पिळून काढलं. सरळ मारा. अंगठ्याकडे बघा. उजवीकडे जातोय, उजवीकडे जातोय, अरे नाथा, पुन्हा उजवीकडे गेला! दुसऱ्या पाळीच्या दिवशी त्याने पाळी बदलून घेतली, एकदा तिसऱ्या पाळीहून येऊन दोनच तास झोपला. पोरंही दमली. बुधवारी चंदू म्हणाला, "सर, आता चालताना पण मला पाय कुठे ठेवू ते कळत नाही."

दुसरा सामना ते सहा-शून्यने हरले.

हा पराभव वेगळा होता. आधी पास चुकत होते, या वेळी पास होतच नव्हते. बॉल आला की नाथा थांबायचा, स्वतःच्या पायाकडे बघायचा, आणि तोपर्यंत कुणीतरी येऊन बॉल घेऊन जायचं. मध्यंतरात समोरच्या एका पोराने त्याला विचारलं, "ए, पाय विसरलास काय घरी?" वहीत उत्तमने नऊच टिंबं काढली होती.

टेम्पोत कुणी भांडलं नाही. दामाजीने दोनदा मागे वळून पाहिलं, पोरं आहेत ना म्हणून. बाळकुमला उतरल्यावर सगळी गेली, नाथा तेवढा थांबला.

"सर."

"काय रे?"

"माझा आधीचा पास मला परत मिळेल का?"

"बघू," उत्तम म्हणाला. नाथा मान हलवून गेला. अकरा वर्षांचं पोर, पण पाठमोरं जाताना पाळी संपवून निघालेल्या माणसासारखं दिसत होतं.

त्या आठवड्यात पहिली पाळी होती. मंगळवारी सकाळी उत्तम टायट्रेशन करत उभा होता. ब्युरेटवर, म्हणजे द्रव मोजायच्या काचेच्या नळीवर, वरच्या बाजूला, कागदाची एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर कुणीतरी कधीकाळी लिहिलं होतं, ०.२ वजा करावे. ही नळी थोडी जास्त दाखवायची. सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कुणी फेकली नव्हती, कुणी घासून सरळही करत बसलं नव्हतं. वाचायचं, वजा करायचं, पुढे जायचं. गेली सात वर्षं तो रोज वजा करत होता.

तो आकडा लिहून झाल्यावरही तो त्या चिठ्ठीकडे बघत राहिला.

बुधवारी त्याने पोरांना गोल बसवलं. "नाथा, तुझा आधीचा पास परत घे."

"खरंच?"

"सगळ्यांनी घ्या. पूर्वी मारायचात तसेच मारा. पायाकडे कुणी बघायचं नाही. बदल करायचा तो पास घेणाऱ्याने. नाथा तुझ्याकडे बघेल, चंदू, पण बॉल तुझ्याकडे येणार नाही. त्याच्या उजवीकडे दीड पाऊल येईल. तू आधीच तिथे असायचं."

"त्याच्या उजवीकडे की माझ्या?"

"त्याच्या."

"तो माझ्याकडे तोंड करून असला तर माझ्या डावीकडे?"

"हो. म्हणजे... हो."

"आणि मी गोलकडे धावत असलो तर?"

उत्तमने मातीत काडीने चित्र काढलं. पोरं वाकून बघत होती, कुणाला काही कळत नव्हतं. भिवाने तर सरळ जांभई दिली. मग उत्तमने काडी टाकून दिली.

"हे बघा. खाडी डाव्या हाताला असली की उजव्या हाताला काय असतं?"

"गाव," सगळी एकदम म्हणाली.

"बस्स. ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्या उजव्या हाताला गाव. तो कुठेही असो, डोंबिवलीला असो. त्याच्याकडे बघायचं, गाव कुठे ते बघायचं, आणि दीड पाऊल गावाकडे सरकायचं."

चंदूने विचार केला. "म्हणजे नाथाच्या उजव्या हाताला बाळकुम."

"हो."

"आणि नाथा वळला की?"

"बाळकुम वळेल."

पोरं लोळून हसली. "आजी!" चंदू दोरीपलीकडे ओरडला, "तुझा नाथा गाव फिरवतोय!"

"फिरवूं दे," आवडाबाई जवळ्यावरून नजर न काढता म्हणाली. "कवापास्नं एका जागी बसलंय."

मग पोरं खेळली. दोरीच्या अलीकडे नाही, पलीकडेही नाही. उत्तमने त्यांना वर रस्त्यापाशी नेलं, जिथे नव्या इमारतीसाठी जागा रोलरने सपाट केली होती. रखवालदाराला हातापाया पडून दोन संध्याकाळी मिळवल्या. पास देणारा पूर्वीसारखा मारायचा, घेणारा "गाव!" म्हणून सरकायचा. पहिल्या दिवशी दहातले चार जमले. शुक्रवारी सात. दहातले सात हा काही मोठा आकडा नव्हता. कंपनीत असा नमुना आला असता तर उत्तमने परत पाठवला असता.

रविवारी सकाळी निघताना कलावती दारात आली. "आज शेवटचा ना?"

"हो."

"डबा दोन माणसांचा दिलाय. दामाजींना द्या."

तिसरा सामना कल्याणच्या एका संघाशी होता. दोन्ही सामने जिंकलेला संघ, पायात सगळ्यांच्या एकसारखे बूट. पहिल्या दहा मिनिटांत कॉर्नरवरून त्यांनी गोल केला. भिवा आडवा पडून राहिला आणि "दिसलाच नाही" म्हणाला. उत्तमने वही उघडली नव्हती. ती पिशवीतच होती. तो रेघेबाहेर उकिडवा बसला होता, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आता साधारण तीस मिनिटं राहिली, मग घरी जाऊन झोपायचं.

पण पास लागत होते. सगळे नाही. तीनातले दोन. चंदू सरकायचा, भिवा गोलमधून "गाव, गाव!" ओरडायचा, आणि समोरच्या पोरांना कळेना की हे काय ओरडताहेत. त्यांच्या प्रशिक्षकानेही एकदा उत्तमकडे वळून विचारलं, "गाव म्हणजे काय हो?"

"बाळकुम," उत्तम म्हणाला.

उत्तरार्धाच्या मध्यावर नाथाला मैदानाच्या मधोमध बॉल मिळाला. त्याने मान वर करून चंदूकडे बघितलं. चंदूवर नजर ठेवून असलेल्या उंच पोरानेही नाथाचे डोळे बघितले, आणि शहाण्यासारखा चंदूच्या पुढे येऊन उभा राहिला. बॉल तिथे गेलाच नाही. तो दीड पाऊल उजवीकडून गेला, आणि चंदू तिथे आधीच पोचला होता. डाव्या पायाने त्याने बॉल अडवला, पुढे ढकलला आणि मारला. गोलकीपरने हातही उचलला नाही.

दामाजी टेम्पोच्या टपावर चढून शिट्ट्या मारायला लागला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. चार वर्षांत शिकवलेलं सगळं विसरून त्यांचा पुन्हा घोळका झाला. उत्तम उठून उभा राहिला आणि घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं.

ती नऊ मिनिटं त्याला नंतर कधी नीट आठवली नाहीत, पण त्यातली एक गोष्ट तो विसरला नाही. शेवटच्या मिनिटाला कल्याणच्या संघाला गोलच्या अगदी समोर फ्री किक मिळाली. भिवा भिंत लावत होता, पोरं एकमेकांना ढकलत होती. आणि उत्तमच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं की हा गोल झाला तर मी सुटलो. कुणाला बोलता येणार नाही. मी सोडलं असं होणार नाही, जागाच गेली असं होईल. रविवारी पिंकीला घेऊन तलावपाळीला जाता येईल. त्याने तो विचार आला तसा राहू दिला, कारण त्याला दूर ढकलण्याइतकीही ताकद अंगात नव्हती.

पोराने किक मारली. बॉल भिंतीवरून गेला आणि भिवाच्या पोटात लागला. त्याने अडवला असं म्हणता येणार नाही, तो तिथे होता. बॉल पोटाशी धरून तो तसाच खाली बसला, आणि पंचाने शिट्टी वाजवली.

एक-एक.

महिपतराव चष्मा न पुसताच आले. "काटकर, लिहून घेतो हं पुढच्या वर्षीचं. टिटवाळ्याला मी सांगतो काहीतरी." त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. उत्तमने "आभारी आहे" म्हटलं. आनंद झाला का, ते त्याला लगेच सांगता आलं नसतं. पोरांकडे बघून झाला होता. स्वतःकडे बघून पाय दुखत होते.

टेम्पोत पोरं परत भांडायला लागली. पास नाथाचा चांगला की गोल चंदूचा चांगला. भिवा म्हणत होता की खरा सामना त्याच्या पोटाने वाचवला.

घरी कलावतीने विचारलं, "किती?"

"एक."

ती हसली, मग तिला त्याचा अर्थ लक्षात आला. "म्हणजे पुढच्या वर्षीचेही रविवार गेले."

"गेले."

"बसा. चहा टाकते," ती म्हणाली. पिंकीला तिने त्याच्या मांडीवर आणून ठेवलं, आणि चहा येईपर्यंत तो भिंतीला टेकून झोपून गेला होता.

सोमवारी पहिली पाळी संपवून तो चारला मैदानावर आला. दोरी जागेवर नव्हती. आवडाबाईने ती काढून अलीकडच्या अर्ध्या भागाला बांधली होती, आणि जवळा, जाळी सगळं तिकडे हलवलं होतं. चार वर्षं जिथे पोरं खेळत आली ती जागा आता तिची होती.

"आजी, हे काय?"

"पुनवेपास्नं अवसेपर्यंत तुमी तिकरं खेला," ती म्हणाली. "अवसेपास्नं पुनवेपर्यंत हिकरं. मंग पोरांना दोनी बाजू कललतील. ठरलं तं ठरलं. तिथी चुकवायची नाय, मास्तर, मी ऐकनार नाय."

उत्तमने मनात मोजलं. पंधरा दिवस खाडी उजवीकडे, पंधरा दिवस डावीकडे. वर्षभर. यापेक्षा चांगला उपाय त्याच्या वहीत कुठेच नव्हता. यात फक्त दर पंधरवड्याला बांबू उपटून दुसरीकडे रोवायचे होते, आणि ते कुणी रोवायचे हे कुणी बोललं नव्हतं.

त्याने सायकल स्टँडवर लावली आणि पहिला बांबू उपटायला घेतला. तो निघेना. नाथा आणि चंदू धावत आले, तिघांनी मिळून हलवला.

"सर, आज पास?" नाथाने विचारलं.

"आज पास."

"कोणता? आधीचा की सरळ?"

उत्तमने बांबू खांद्यावर घेतला. "दोन्ही शिकावे लागतील," तो म्हणाला. "दुसरा बांबू तुम्ही उचला. आणि भिवाला बोलवा, नुसता उभा आहे तो."